जमिनीचे पोट कोणाचे? ओक्लाहोमातील लिलाव आणि आपला भूमिप्रश्न

जमीन विकली गेली असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय विकले जाते? आपल्याकडच्या खरेदीखतात गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, विहीर, झाडे एवढे येते. अमेरिकेत शेतजमिनीचा लिलाव पुकारला जातो तेव्हा आणखी एक गोष्ट सांगावी लागते. जमीन खनिज हक्कांसह विकायची आहे, की खनिज हक्क वगळून? तेथील कायद्याने खाजगी मालकाला आपल्या जमिनीचे आडवे दोन भाग करता येतात. वरची माती एकाला विकायची, आणि खालचे तेल, वायू, कोळसा दुसऱ्याला विकायचा किंवा स्वतःकडे ठेवायचा. या दोन मालकांत वाद झाला तर वरचढ ठरतो तो खालचा. खनिज काढण्यासाठी वाजवीपणे लागेल तेवढी वरची जमीन वापरण्याचा त्याला हक्क असतो. उभ्या पिकातून त्याचा रस्ता जातो. त्याबद्दल वरच्या मालकाला नुकसानभरपाई मिळावी म्हणून ओक्लाहोमा राज्याने खास कायदा केला, तोही १९८२ साली.

हे सारे येथे कशासाठी, असे वाचक विचारतील. ज्यांच्या बापजाद्यांना स्मशानाच्या जागेसाठी झगडावे लागले, त्यांनी अमेरिकन तेलाच्या विहिरींची चौकशी का करावी? माझे उत्तर असे आहे. जमीन नावावर झाली की माणूस मुक्त झाला, ही कल्पना आपल्या चळवळीत खोलवर रुजलेली आहे. तिच्यात सत्याचा मोठा अंश आहे. परंतु ती पुरती सत्य आहे काय, हे तपासण्यासाठी इतिहासात एक जागा अशी सापडते की जेथे गुलामांच्या मुलाबाळांना जमीन मिळाली, जमिनीखाली तेल निघाले, तेही कायद्याने त्यांचेच होते, आणि तरीही एका पिढीत बहुतेकांच्या हातून सारे गेले. ती जागा म्हणजे ओक्लाहोमा. तिचा आपला संबंध अगदीच दूरचा नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या लढवय्यांचे. त्यापूर्वी १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली होती. त्याच ड्यु बॉइस यांचे नाव पुढे या हकिकतीत येणार आहे.

गुलामगिरी संपली तेव्हा दक्षिणेतील काळ्यांना चाळीस एकर जमीन मिळणार अशी आशा निर्माण झाली होती. जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये तसा हुकूम काढला, आणि त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी तो निष्फळ करून जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या. काळा माणूस पुन्हा त्याच मळ्यावर बटाईने राबू लागला. पण आजच्या ओक्लाहोमात वेगळे घडले. तेव्हा तो मूळनिवासी राष्ट्रांचा प्रदेश होता. तेथील क्रीक राष्ट्रातही काळे गुलाम होते. १८६६ च्या तहान्वये क्रीक राष्ट्राला त्यांना मुक्त करून राष्ट्राचे नागरिक म्हणून स्वीकारावे लागले. राष्ट्राची जमीन सामाईक होती. तीत काळ्यांनाही हिस्सा आला.

पुढे गोऱ्या सरकारला ही सामाईक जमीन सलू लागली. सामाईक जमीन विकत घेता येत नाही, ही तिची खरी अडचण होती. १८९३ साली डॉज आयोग नेमला गेला आणि जमीन माणशी वाटून देण्याचे काम सुरू झाले. क्रीक राष्ट्रात प्रत्येक नोंदलेल्या व्यक्तीला, तान्ह्या मुलालाही, १६० एकर मिळाले. नोंदणीची वही मात्र एक नव्हती. एका वहीत 'रक्ताचे' क्रीक, आणि दुसऱ्या वहीत 'फ्रीडमन', म्हणजे मुक्त झालेले काळे. ज्याचा बाप क्रीक आणि आई काळी, त्यालाही सामान्यतः दुसऱ्या वहीत टाकले जाई. जन्मावरून माणसाची वही ठरवणारी ही पद्धत आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. त्या दोन वह्यांची सावली अजून सरलेली नाही. १९७९ च्या संविधानाने क्रीक राष्ट्राने फ्रीडमनांच्या वंशजांना नागरिकत्वातून वगळले, आणि तहाप्रमाणे ते नागरिकत्वाचे हक्कदार आहेत असा निकाल त्याच राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला.

वही वेगळी का ठेवली, हे लवकरच कळले. वाटून दिलेली जमीन काही काळ विकता येणार नाही असे बंधन आरंभी होते. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झाले. नव्या विधिमंडळाने पहिला कायदा केला तो रेल्वेत काळ्यांना वेगळे बसवण्याचा. पुढच्याच वर्षी, २७ मे १९०८ रोजी, अमेरिकन काँग्रेसने जमिनीवरील बंधने उठवणारा कायदा केला. ज्यांचे रक्त 'पुरेसे' मूळनिवासी होते त्यांच्यावर काही बंधने राहिली. फ्रीडमनांच्या जमिनीवरील मात्र सगळी बंधने उठली. घराची जागासुद्धा मोकळी झाली. याला मुक्तता म्हटले गेले. अज्ञान मुलांच्या मालमत्तेचा कारभार संघराज्याकडून काढून राज्याच्या काउंटी न्यायालयांकडे सोपवण्यात आला, आणि ही न्यायालये स्थानिक गोऱ्या मतदारांनी निवडलेल्या न्यायाधीशांची होती.

आता हातोडा कसा चालला ते पाहू. अज्ञान मुलाच्या जमिनीसाठी न्यायालय पालक नेमते. पालक बहुधा गोरा वकील, व्यापारी किंवा जमिनीचा दलाल. तो अर्ज करतो की पाल्याच्या पोषणासाठी जमीन विकणे जरूर आहे. न्यायालय हुकूम देते, नोटीस निघते, आणि बोली पुकारली जाते. सारे कायदेशीर. परंतु बोली बोलणारे आपसात ठरवून आलेले असत. पालकाचा मित्र जमीन घेई. किंमत आली तरी पालकाची फी, वकिलाची फी आणि न्यायालयाचा खर्च तीतून वळता होई. ज्याची जमीन, तो दहा वर्षांचा मुलगा मैलोगणती दूर कापूस वेचीत असे. आपले काही विकले गेले, हेही त्याला ठाऊक नसे. आणि विकले जाई ते खनिज हक्कांसह. वरच्या कोरडवाहू मातीची किंमत देऊन खालचे तेल घेतले जाई.

ही लूट पहिल्यांदा सविस्तर लिहिली ती अँजी डेबो या इतिहासकार स्त्रीने. काउंटी न्यायालयांची दप्तरे चाळून तिने पुस्तक सिद्ध केले. त्यात राज्यातील प्रतिष्ठितांची नावे होती. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने माघार घेतली, आणि ते पुस्तक १९४० साली दूरच्या प्रिन्स्टनहून प्रसिद्ध झाले. आपल्या गावचे सत्य आपल्या गावात छापता येत नाही, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

या हकिकतीत एक मुलगी विशेष लक्षात राहते. सारा रेक्टर. जन्म १९०२. क्रीकांच्या गुलामांची वंशज, म्हणजे फ्रीडमनांच्या वहीतील. तिच्या वाट्याला आलेले १६० एकर घरापासून दूर, खडकाळ, शेतीला निरुपयोगी. वर्षाला सुमारे तीस डॉलर कर मात्र भरावा लागे. बापाला तो कर झेपेना. त्याने जमीन विकण्याची परवानगी काउंटी न्यायालयाकडे मागितली. जमिनीवरील निर्बंधांमुळे ती मिळाली नाही. तेव्हा कर भागवण्यासाठी त्याने १९११ साली जमीन तेल कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. १९१३ साली तेथे तेलाचा फवारा उसळला. दिवसाला अडीच हजार पिंपे तेल, आणि त्या अकरा वर्षांच्या मुलीचे उत्पन्न दिवसाला सुमारे तीनशे डॉलर. त्याच १९१३ च्या जुलैत बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरले होते.

पैसा आला तसा गोरा पालकही आला. १९१४ साली एन.ए.ए.सी.पी. या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेतर्फे ड्यु बॉइस यांच्याकडे तिच्या कारभाराची तक्रार पोहोचली. काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनीही लक्ष घातले, आणि सारा टस्कीगीच्या शाळेत गेली. वयात आल्यावर तिची मालमत्ता बऱ्याच अंशी तिच्या हाती आली. ती १९६७ पर्यंत जगली. पण तिच्यासारख्या अनेकांना ड्यु बॉइस भेटले नाहीत. टाफ्ट नावाच्या काळ्यांच्या गावात १९११ साली दोन भावंडे घरात झोपलेली असताना ते घर सुरुंगाने उडवण्यात आले. त्यांच्या वाट्याच्या जमिनीत तेल होते.

सारा रेक्टरची गोष्ट आजकाल यशोगाथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिचे तेल वाचले ते तिच्या बापाला जमीन विकता आली नाही म्हणून. न्यायालयाने त्या दिवशी होकार दिला असता, तर एखाद्याने नापीक माळ म्हणून ते १६० एकर चार पैशांना लिलावात घेतले असते. बाप मूर्ख नव्हता. तो गरीब होता आणि कर थकत होता. गरिबाला मिळालेले विकण्याचे स्वातंत्र्य हे बहुधा घेणाऱ्याचे स्वातंत्र्य असते, हे या एका अर्जाच्या नशिबावरून दिसते.

याच ओक्लाहोमात दुसरा एक प्रयोग झाला. ओसेज हे मूळनिवासी राष्ट्र. त्यांनी आपली भूमी १८७० नंतरच्या दशकात स्वतःच्या पैशाने विकत घेतली होती, त्यामुळे घासाघीस करण्याचे बळ त्यांच्यापाशी होते. जेम्स बिगहार्ट आदी पुढाऱ्यांनी वाटप लांबवले. १९०६ साली ते झालेच, तेव्हा त्यांनी एक अट घालून घेतली. वरची माती माणशी वाटा, खालचे खनिज मात्र राष्ट्राचे सामाईक राहील. नोंदवहीतील २,२२९ व्यक्तींना खनिज उत्पन्नात सारखा हिस्सा, त्याला 'हेडराइट' म्हणत. हा हिस्सा खरेदीविक्रीचा माल नव्हता. तो वारशानेच मिळे.

लिलाव येथेही झाले. पॉहस्का या गावी एका मोठ्या एल्म वृक्षाखाली तेल कंपन्यांचे मालक जमत आणि कर्नल एलस्वर्थ वॉल्टर्स नावाचा लिलाव करणारा बोली पुकारी. १९२० नंतरच्या दशकात १६० एकरांच्या एकेका तुकड्याची बोली दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. त्या झाडाचे नावच 'दशलक्ष डॉलरचा एल्म' पडले. पण तेथे पुकारला जाई तो भाडेपट्टा. मालकी राष्ट्राकडेच राही. बोलीची रक्कम मिळे, शिवाय निघणाऱ्या तेलावर रॉयल्टी मिळे, आणि पट्टा संपला की जमिनीचे पोट पुन्हा ओसेज राष्ट्राचे. क्रीक मुलाच्या लिलावात हातोडा पडला की सारे संपले. येथे तो पुन्हा पुन्हा पडत राहिला.

ओसेजांचे भले झाले असे मात्र कोणी समजू नये. १९२१ च्या कायद्याने 'अक्षम' ठरवलेल्या ओसेजांवर पालक बसवले गेले. वारशाने हिस्सा मिळतो म्हटल्यावर गोऱ्यांनी लग्ने लावली आणि मग खून पाडले. विषप्रयोग, गोळीबार, स्फोट. १९२५ साली काँग्रेसला ओसेज नसलेल्यांच्या वारसाहक्कावर मर्यादा घालावी लागली. वरची वाटून दिलेली जमीन तर बहुतेक गेलीच. सरकारने विश्वस्त म्हणून केलेल्या गैरकारभाराबद्दल २०११ साली ३८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. इतके सोसूनही एक गोष्ट उरली. खालचे खनिज आजही ओसेज राष्ट्राचे आहे. माणशी वाटलेली माती गेली आणि सामाईक ठेवलेले खनिज राहिले, हा एकाच राज्यातील, एकाच कायद्याखालील अनुभव आहे.

आता आपल्याकडे वळू. माझे विद्यार्थी कधी विचारतात, आमच्या शेतात कोळसा निघाला तर तो आमचा ना? उत्तर द्यावे लागते, नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या ४८ व्या कलमाने सर्व खनिजे शासनाची ठरवली आहेत. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलबारमधील खाजगी जमिनींच्या प्रकरणात असे म्हटले की जमिनीच्या मालकाकडे सामान्यतः खालच्या खनिजाचीही मालकी असते, कायद्याने काढून घेतली नसेल तर. आपल्याकडे कायद्याने ती काढून घेतलेली आहे.

खनिज शासनाचे, म्हणजे जनतेचे, असा यामागचा युक्तिवाद. तत्त्व म्हणून मला तो मान्य आहे. तेलाची विहीर एका कुटुंबाची असण्यापेक्षा समाजाची असणे केव्हाही श्रेयस्कर. प्रश्न असा की शासन म्हणजे कोण? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने २१८ पैकी २१४ कोळसापट्ट्यांचे वाटप रद्द केले, कारण ते मनमानीने झाले होते. त्यानंतर २०१५ पासून खाणपट्टे लिलावाने देण्याची पद्धत आली. गैरव्यवहार थांबवण्यासाठी लिलाव बरा, हे खरे. पण त्या लिलावात शासन विकणारे, कंपनी घेणारी, आणि ज्याच्या पायाखाली खाण आहे तो माणूस बोली पुकारण्याच्या जागेच्या आसपासही नाही. लिलावाने दिलेल्या पट्ट्यावर रॉयल्टीच्या दहा टक्के एवढी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जावी, असा कायदा आहे. ती रक्कम कोठे खर्च होते हे आपले कार्यकर्ते विचारतात काय? आणि भरपाईची यादी करायला अधिकारी गावात येतो, तेव्हा ती सातबाऱ्यावरच्या नावांपासून सुरू होते. त्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या भूमिहीन दलिताचे नाव सातबाऱ्यावर कोठे असते?

आपल्याजवळ जी थोडी जमीन होती ती वतनाची. महारकीच्या वतनाची गुलामी संपावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने खालसा करणारा कायदा १९५८ साली झाला, आणि आकाराच्या पटीत रक्कम भरून जमिनी वतनदारांना नव्या शर्तीने परत मिळाल्या. कलेक्टरच्या परवानगीखेरीज त्या विकता येत नाहीत. ही अट अपमानास्पद आहे, आम्हाला इतरांसारखे पूर्ण मालक करा, अशी मागणी आपले तरुण करतात. त्यामागचा स्वाभिमान मी समजतो. पण १९०८ साली फ्रीडमनांना अशीच पूर्ण मालकी मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. शहराजवळच्या वतन जमिनींचे व्यवहार आज कोण करते, कुळमुखत्यारपत्रे कोणाच्या नावे निघतात, हे पाहा. २०२५ साली पुण्यातील मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा मूळ वतनदारांचे वारस चर्चेत शेवटी आले.

उलट बंधन चांगले, असेही मी म्हणत नाही. बंधनाची किल्ली कलेक्टरच्या खिशात असेल तर परवानगीही तोच देतो, आणि कोणाला द्यायची तेही तोच ठरवतो. क्रीक मुलांच्या काउंटी न्यायाधीशापेक्षा तो आपोआप वेगळा कसा होईल? किल्ली कोणापाशी, हा मुद्दा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्याला किंवा लिलावाला ग्रामसभेची आगाऊ शिफारस आवश्यक केली. २०१३ साली ओरिसातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकामागून एक नकार दिला, आणि खाण झाली नाही. असा नकार देण्याचा अधिकार दलित वस्तीला कोठेही नाही. तिच्याजवळ सामाईक असे काही ठेवलेलेच नाही.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवर लिहिताना त्यांनी दाखवले की जमिनीच्या तुकड्याचा आकार हा मूळ प्रश्न नाही, भांडवल आणि साधने कोणापाशी आहेत हा आहे. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी प्रमुख उद्योगांबरोबर शेतीही राज्याच्या मालकीची करावी, गावकऱ्यांना जातीचा भेद न करता कसण्यास द्यावी आणि ती सामुदायिक असावी, अशी मागणी मांडली. ही तरतूद साध्या बहुमताने फिरवता येऊ नये म्हणून ती घटनेतच हवी, असा त्यांचा आग्रह होता. ती मागणी घटनेत आली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली हजारो भूमिहीन तुरुंगात गेले ते पडीक जमिनीच्या हक्कासाठी. त्या लढ्याने ज्या जमिनी मिळाल्या, त्या माणशी पट्ट्याने मिळाल्या. त्यांपैकी आज किती आपल्या हातात आहेत, हे प्रत्येक तालुक्यात बसून मोजण्यासारखे काम आहे. विद्यार्थ्यांनी तलाठ्याकडील फेरफार काढावेत. डेबोने काउंटी न्यायालयात जे केले, ते आपल्याला तहसील कचेरीत करता येईल.

मागणी काय करावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गायरानाचा असो वा वतनाचा, पट्टा जेथे मिळवायचा तेथे तो वस्तीच्या किंवा सहकारी संस्थेच्या सामाईक नावाने मागावा. कसण्याचा हक्क घरटी असावा, विकण्याचा हक्क एकट्याला नसावा. खनिज शासनाचे राहील तर त्याच्या लिलावापूर्वी वस्तीची संमती आणि त्यानंतर रॉयल्टीत वस्तीचा हिस्सा, तोही भूमिहीनांसह, मागितला पाहिजे. व्यक्तीच्या हाती पूर्ण मालकी हेच आधुनिकतेचे लक्षण, असे ज्यांना वाटते त्यांनी क्रीक आणि ओसेज यांच्या दप्तरांची तुलना करून पाहावी. या मताशी आपल्यातील अनेकांचा मतभेद असेल. ज्याच्या बापाला कधी काहीच स्वतःचे म्हणता आले नाही, त्याला सामाईक मालकी ही पुन्हा एक वंचना वाटणे स्वाभाविक आहे. तो वाद मोकळेपणाने व्हावा. मात्र तो करताना सारा रेक्टरच्या बापाचा अर्ज समोर ठेवावा. तीस डॉलरच्या करासाठी तो काय विकायला निघाला होता, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते.